जर्मनीत नोकरीसाठी जाताना: पत्ता, नाव आणि कागदांचा क्रम

अबोली

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्याच्या एक तारखेला मी जर्मनीत नोकरीवर रुजू होतेय. दक्षिणेकडचं मध्यम आकाराचं शहर आहे, काम यंत्र-अभियांत्रिकीतलं. ब्लू कार्डसाठीचा, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या राहण्या-कामाच्या परवान्यासाठीचा, व्हिसा पासपोर्टवर लागलाय. नवरा आणि सहा वर्षांची मुलगी तीन-चार महिन्यांनी येतील. आनंद आहेच, पण गेले आठ दिवस कागदांनी झोप उडवलीय.

अडचण अशी: पहिले सहा आठवडे राहायला कंपनीने एका एजन्सीचं सामानासकट घर घेऊन दिलंय. तिथे पोचल्यावर पत्त्याची नोंदणी करायची, जिला आनमेल्डुंग म्हणतात, एवढं माहीत होतं. त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो, आणि ही एजन्सी म्हणते की आम्ही तो देत नाही. नोंदणी नाही तर कराचा नंबर नाही. कराचा नंबर नाही तर पगारातून भरमसाट कापणी. कायमचं घर शोधावं तर घरमालक पगाराच्या पावत्या मागतात, आणि पहिला पगार तर व्हायचाय! सुरुवात करायची कुठून?

दुसरा प्रश्न नावाचा. पदवीवर माहेरचं आडनाव आणि मध्ये वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मध्ये नवऱ्याचं नाव. याने तिकडे काही अडतं का?

ज्यांनी हे सगळं केलंय त्यांनी क्रम सांगा. काय चुकलं तेही सांगा, त्याचा जास्त उपयोग होईल.


पारवा

अभिनंदन अबोली!

एजन्सीचं "देत नाही" हे उत्तर कायद्यात बसत नाही. १ नोव्हेंबर २०१५ पासून सगळ्या देशाला एकच नोंदणी कायदा लागू आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करणं हे तुमचं कर्तव्य, आणि तुम्ही राहायला आलात असा दाखला देणं हे घर देणाऱ्याचं. दाखल्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. भाडेकरार दाखवून भागत नाही, हा एका पानाचा वेगळा कागद असतो. घर देणारा म्हणजे मालकच असायला हवा असंही नाही. तुम्ही पोटभाडेकरू असाल तर मूळ भाडेकरूची सही चालते.

दाखला मिळतच नसेल तर तसं नोंदणी कार्यालयाला लगेच कळवायचं, ते घर देणाऱ्याकडे विचारणा करू शकतात. पण तिथवर जाऊ नये. कंपनीच्या एचआरला सांगा की एजन्सीला लेखी विचारा. गिऱ्हाईक कंपनी आहे, तिच्या मेलला वजन असतं.


काटेसावर

वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग! हा शब्द एका दमात म्हणता आला की भाषेची पहिली परीक्षा पास. मी आरशासमोर उभं राहून पाठ केला होता, खरंच. खिडकीपलीकडच्या बाई हसल्या आणि पुढचं सगळं सोपं झालं.


घड्याळजी

पारवा, असहमत. तात्पुरत्या पत्त्यावर नोंदणी करूच नका. सहा आठवड्यांनी घर बदललं की पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा दाखला, बँक-विमा-ऑफिस सगळ्यांना पुन्हा पत्ता कळवा. मी पहिल्या खेपेला हेच केलं आणि दोन पत्त्यांच्या मध्ये निम्मी पत्रं गहाळ झाली. कायमचं घर मिळेपर्यंत थांबा. दंड वगैरे फारसं कोणी लावत नाही.


दीपस्तंभ

घड्याळजी, पत्रं हरवली ते वाईट झालं, पण हा सल्ला नवीन माणसाला देऊ नये असं मला वाटतं. उशिरा नोंदणीला एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. अपॉइंटमेंटच मिळत नाही म्हणून उशीर झाला तर सहसा कोणी काही म्हणत नाही, फक्त अपॉइंटमेंट घेतल्याचा मेल जपून ठेवावा. मुद्दाम थांबणं ही गोष्ट वेगळी. आणि कुणी सुचवलं की ओळखीच्या माणसाच्या पत्त्यावर नुसतं नाव लावा, तर अजिबात ऐकू नका. प्रत्यक्ष राहायला न येणाऱ्याला पत्ता देणाऱ्यावर ५०,००० युरोपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपल्या सोयीसाठी कुणा मित्राला त्यात ओढायचं नाही.

आता माझी चूक. ती कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

माझी नोंदणी पाचव्याच दिवशी झाली. शिक्का मारलेला कागद हातात आला आणि मी निश्चिंत झालो. कराचा ओळखक्रमांक, म्हणजे श्टॉयर-आयडी, ११ आकडी असतो, आयुष्यभर बदलत नाही, आणि तो केंद्रीय कर कार्यालयाकडून टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर येतो. चार आठवडे गेले, सहा गेले, पत्र नाही. एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात थांबवून विचारलं, तुमचं नाव पेटीवर का नाही?

जर्मनीत पत्त्यात फ्लॅटचा नंबर लिहीत नाहीत. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव. इमारतीत बारा कुटुंबं असली तरी पोस्टमन पेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. माझं कराचं पत्र परत गेलं, बँकेच्या कार्डाचा पिन परत गेला, विम्याचं कार्डही गेलं. एका चिठ्ठीअभावी दोन महिने.

तोवर पगार विभागाने पहिल्या महिन्यापासून कर-वर्ग ६ लावला. पगारातून किती कर कापायचा ते या वर्गावरून ठरतं. त्यात कापणी सगळ्यात जास्त. पुढे कळलं की नंबर नसण्यात कर्मचाऱ्याची चूक नसेल तर तीन महिन्यांपर्यंत अंदाजाने योग्य वर्ग लावायची मुभा कंपनीला असते. हे एचआरला आधीच सांगून ठेवा. जास्तीचे पैसे नंतर मिळाले, बुडाले नाहीत. पण घराची अनामत भरायची वेळ नेमकी तेव्हाच होती, आणि अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी असू शकते. ते दोन महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत.

म्हणून अबोली, विमानातून उतरताना बॅगेत चिकटपट्टी आणि ठळक अक्षरांत लिहिलेली नावाची पट्टी ठेवा. घरात पाऊल टाकायच्या आधी पेटीवर लावा.


साधीसुधी

दीपस्तंभ, +१००. पेटीची चिठ्ठी हा या धाग्यातला सगळ्यात मोलाचा सल्ला आहे. तात्पुरत्या घरात एजन्सी पेटीवर नाव लावू देते का, हे मात्र विचारून घ्या. काही ठिकाणी पेट्यांना फक्त खोलीचे नंबर असतात. मग "अमुक एजन्सीच्या मार्फत" असा उल्लेख पत्त्यातच नोंदवता येतो का ते नोंदणीच्या वेळी विचारावं.


भटक्या

घड्याळजींच्या म्हणण्यात एक मुद्दा आहे, तो सुटू नये. तात्पुरतं घर आणि नंतरचं घर एकाच शहरात असेल तर आधी नोंदणी करून टाका. पण तात्पुरतं घर शेजारच्या जिल्ह्यात असेल तर विचार करा. ब्लू कार्डाचं काम परकीय नागरिकांच्या कार्यालयात होतं, आउसलेंडरबेहोर्डेमध्ये, आणि कुठलं कार्यालय ते तुमच्या पत्त्यावरून ठरतं. अर्ज एकीकडे केला आणि घर दुसरीकडे घेतलं तर फाईल एका कार्यालयातून दुसऱ्यात जाते. माझी फाईल शेजारच्या शहरात पोचायला अकरा आठवडे लागले. दोन कार्यालयांत अंतर किती? ट्रेनने वीस मिनिटं.

तेव्हा नोंदणी लगेच करा, पण ब्लू कार्डाचा अर्ज कुठे करायचा ते पुढचं घर कुठे शोधणार यावर ठरवा. व्हिसावर काम करायची परवानगी असतेच, त्यामुळे कार्डाविना काम थांबत नाही. व्हिसाची शेवटची तारीख मात्र मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा.


घड्याळजी

भटक्या, माझंही हेच झालं होतं, मला ते नीट मांडता आलं नाही. दीपस्तंभ, दंडाचं मी हलकं घेतलं, तुमचं बरोबर.


साधीसुधी

आता नावाविषयी, कारण अबोलीताईंचा तो प्रश्न मागे पडतोय आणि मी त्यातून गेलेय.

आपल्या पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि नावाचा एक. मधलं नाव, वडिलांचं असो की नवऱ्याचं, नावाच्या रकान्यात जातं. जर्मन माणसाला वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत माहीत नाही. त्यांच्या लेखी ते तुमचंच दुसरं नाव. मला दवाखान्यात तीनदा माझ्या नवऱ्याच्या नावाने हाक मारली आणि मी उठलेच नाही. नंबर गेला.

त्यानंतर मी एकच नियम पाळला. पासपोर्टवर जे आहे ते, त्याच स्पेलिंगने, त्याच क्रमाने, सगळीकडे. नोंदणी, बँक, विमा, भाडेकरार, नोकरीचा करार. मी आधी एका ठिकाणी मधलं नाव गाळलं होतं आणि विम्यात माझ्या नावाच्या दोन नोंदी तयार झाल्या. त्या एक करायला पाच पत्रं लिहावी लागली.

नोंदणीच्या अर्जात गेबुर्ट्सनामे असा रकाना असतो, म्हणजे जन्माचं आडनाव. तिथे माहेरचं आडनाव लिहा, रिकामा सोडू नका. तुमची पदवी आणि तुमचा पासपोर्ट यांना जोडणारा दुवा तिथेच तयार होतो. सोबत विवाह नोंदणीचा दाखला आणि शपथबद्ध भाषांतरकाराने केलेलं त्याचं जर्मन भाषांतर. भाषांतर जर्मनीतल्या भाषांतरकाराकडून करून घेतलं तर कार्यालयात प्रश्न येत नाहीत. पदवीच्या, विवाहाच्या आणि मुलीच्या जन्माच्या दाखल्यात स्पेलिंग वेगळं असेल तर ते निघायच्या आधीच दुरुस्त करा. तिथून दुरुस्त करणं फार अवघड जातं.


चकवा

माझाही निघायचा विचार चाललाय, म्हणून मध्येच विचारतो. एक एजंट म्हणतोय की सगळ्या कागदांवर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहोर, घ्या, मी करून देतो, दर कागदाला वेगळे पैसे. घ्यावं का?


पारवा

थांबा, पैसे देऊ नका. भारत २००५ साली अपोस्टिलच्या हेग करारात आला, त्यामुळे भारताचं अपोस्टिल बऱ्याच देशांत चालतं. पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवला होता, म्हणून या दोन देशांमध्ये ते लागू नाही. जर्मन दूतावासही भारतीय कागदांना प्रमाणित करून देत नाही.

त्याऐवजी वेगळी पद्धत आहे. जर्मनीतल्या एखाद्या कार्यालयाला जन्माचा किंवा विवाहाचा दाखला तपासायचा असेल तर ते दूतावासाला पडताळणी करायला सांगतं. दूतावासाने नेमलेला वकील मूळ नोंदवहीपर्यंत जाऊन पाहतो. खर्च अर्जदाराचा आणि वेळ महिन्यांत मोजायचा. ही पडताळणी आपण आपणहून आधी करून ठेवू शकत नाही, कार्यालयाने मागावी लागते. म्हणून मूळ दाखले, छापील स्वरूपात आणि नोंदणी क्रमांकासकट, सोबत न्यावेत.


निळीशाई

माझ्याकडे पडताळणी कुणीच मागितली नाही, फक्त भाषांतर मागितलं. माझ्या बहिणीकडे दुसऱ्या शहरात मागितली. कार्यालयागणिक फरक पडतो. चकवा, आपल्या शहराच्या कार्यालयाला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

आरोग्य विम्याबद्दल कुणी बोललं नाही अजून. अबोली, नोकरी सुरू होण्याआधी क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, निवडावी लागते. सरकारी व्यवस्थेत मूळ हप्ता पगाराच्या १४.६ टक्के, त्यावर प्रत्येक कासेचा थोडा जादा हप्ता, आणि दोन्ही तुमच्यात आणि कंपनीत निम्मे-निम्मे. नवऱ्याला तिथे नोकरी लागेपर्यंत तो आणि मुलगी तुमच्या विम्यात वेगळा हप्ता न भरता येतात. पगार एका मर्यादेच्या वर असेल, २०२५ साली ती वर्षाला ७३,८०० युरो होती, तर खासगी विमाही घेता येतो आणि तरुणपणी तो स्वस्त दिसतो. पण खासगीत माणशी हप्ता पडतो आणि पुन्हा सरकारीत येणं सोपं नसतं. कुटुंब येणार असेल तर मी सरकारीच म्हणेन.


गोदाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. बहुतेक जण ब्लू कार्डवाले दिसतात. मी परिचारिका आहे. आमची वाट वेगळी असते, ती पण इथे नोंदलेली असावी म्हणून लिहिते.

आमची पदवी चालते की नाही हे कंपनी ठरवत नाही, ज्या राज्यात काम करणार तिथलं मान्यता देणारं कार्यालय ठरवतं. ते आपला अभ्यासक्रम त्यांच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहतं आणि कुठे तफावत आहे त्याचं लेखी उत्तर देतं. मग दोन रस्ते: रुग्णालयात राहून पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. मान्यता मिळेपर्यंत आपण पूर्ण परिचारिका नाही, मदतनीस. पगारही तसाच. भाषा बी-२ पातळीची लागते आणि तो नियम बरोबरच आहे, रात्रपाळीत रुग्ण काय सांगतोय ते कळलं नाही तर जिवाशी खेळ.

मी भरती करणाऱ्या मध्यस्थामार्फत आले. त्यांनी सांगितलं होतं की तिथे सगळं आम्ही बघू. स्टेशनवर माणूस आला, किल्ली दिली, गेला. नोंदणी, बँक, विमा, सगळं मी आणि माझ्या दोन मैत्रिणींनी केलं. आमच्या वॉर्डाच्या मुख्य परिचारिका त्यांच्या सुट्टीच्या दिवशी आमच्याबरोबर कार्यालयात आल्या होत्या. ते मी विसरणार नाही. तेव्हापासून नवीन मुलगी आली की मी सुट्टी टाकून तिच्याबरोबर जाते.

कार्यालयात इंग्रजी बोलतीलच असं धरून जाऊ नका. त्यांची कामकाजाची भाषा जर्मन आहे. जर्मन येणारं माणूस सोबत न्यायला कुणी हरकत घेत नाही.


चकवा

गोदाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. तुम्हाला नमस्कार.


मनमोकळी

मी नवऱ्याच्या पाठोपाठ आले, त्यामुळे अबोलीच्या घरच्यांना उपयोगी पडेल असं सांगते.

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते. तरी भाषा शिकूनच या. मी नाही शिकले आणि पहिलं वर्ष घरात बसून गेलं.

दोन वर्षांनी आमच्या दोघांच्या परवान्याची मुदत संपत आली. अर्ज वेळेत केला, तीन महिने आधी. पोच आली, पुढे काहीच नाही. मेलला उत्तर नाही, फोन लागत नाही. मुदत संपायला दहा दिवस असताना वडिलांना रुग्णालयात हलवल्याचा फोन आला. जावं तर परत येता येईल का? ती रात्र आठवली की अजून पोटात खड्डा पडतो.

सकाळी सहाला कार्यालयाच्या दारात उभी राहिले. तिथे फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात, म्हणजे निर्णय होईपर्यंतचा तात्पुरता दाखला. तो घेऊन घरी आले आणि भाषांतर करत बसले तेव्हा दिसलं की खूण चुकीच्या चौकटीत आहे. त्या कागदावर तीन चौकटी असतात. निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमाची चौकट असेल तर जुना परवाना चालू आहे असं धरतात आणि देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाच्या चौकटीवर राहता येतं, पण त्यावर परत येता येत नाही. माझ्या कागदावर तिसरं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, जुनं कार्ड आणि अर्जाची पोच दाखवली, त्यांनी पाच मिनिटांत दुरुस्त करून दिलं. वडिलांची भेट झाली.

तो कागद हातात घेतल्या घेतल्या तिथेच, खिडकीसमोर उभं राहून वाचा. मागे रांग असली तरी.


पारवा

मनमोकळी, फार महत्त्वाचं लिहिलंत. जोडून सांगतो. पूर्ण अर्ज देऊन तीन महिने झाले आणि सबळ कारणाशिवाय निर्णय नाही, तर प्रशासकीय न्यायालयात कार्यालयाच्या निष्क्रियतेविरुद्ध दावा लावता येतो. पहिल्या पायरीवर वकील असणं सक्तीचं नाही. त्याआधी तसं लेखी कळवलं तर पुष्कळदा काम हलतं. यात कुणावर डूख धरल्यासारखं काही नाही, तिथे हा रोजचा मार्ग आहे.

आणि कार्यालयाचं पत्र पिवळ्या पाकिटात, म्हणजे पोचवल्याची रीतसर नोंद ठेवून, आलं तर पाकीट टाकू नका. त्यावर पोस्टमनने हाताने लिहिलेली तारीख हीच पत्र मिळाल्याची तारीख धरतात. नकार आला असेल आणि त्यावर हरकत घेता येत असेल तर एक महिना असतो, तो त्या तारखेपासून.


काटेसावर

थोडं अवांतर. नोंदणी झाल्यावर पहिलं पत्र कराचं येईल म्हणून मी वाट पाहत होतो, आलं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही असं कळवलं, तरी भरावी लागलीच, कारण ती घराला असते, टीव्हीला नाही. पण घराला एकच. तिघे मित्र एकत्र राहत असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा नंबर कळवायचा. आम्ही तिघेही सात महिने वेगवेगळी भरत होतो.


निळीशाई

अवांतरात भर. नोंदणीच्या अर्जात धर्माचा रकाना असतो. तो चर्चच्या करासाठी आहे. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चचे सभासद म्हणून नोंद झाली की आयकराच्या ९ टक्के, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यांत ८ टक्के चर्च कर कापला जातो. इतर बहुतेकांना तो लागू नाही. माझी मैत्रीण कॅथलिक आहे. तिने समजून-उमजून लिहिलं आणि आनंदाने भरते. पण काय लिहितोय त्याचा अर्थ माहीत असावा.

आणि भारतीय वाहन परवाना रहिवासी झाल्यापासून सहाच महिने चालतो, मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. लेखी इंग्रजीतून देता येते. हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे, थांबते.


दीपस्तंभ

अबोली यांनी क्रम विचारला होता. माझ्या मते असा: निघायच्या आधी स्पेलिंग आणि मूळ दाखले, एचआरमार्फत घराचा दाखला, आणि नोंदणीची अपॉइंटमेंट भारतातूनच ऑनलाइन. पोचल्या दिवशी पेटीवर नाव. पहिल्या आठवड्यात नोंदणी आणि विमा. बँक खात्यासाठी कायमच्या घराची वाट पाहू नका. कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येकाला साधं खातं मिळायचा हक्क २०१६ पासून आहे. मग ब्लू कार्डाचा अर्ज, आणि त्यासाठीचा फोटो भारतातून छापून नेऊ नका. १ मे २०२५ पासून तिथे डिजिटल फोटो लागतो, कार्यालयात किंवा मान्य केलेल्या फोटो-दुकानात काढलेला. नवरा भारतात असेपर्यंत तुमचा कर-वर्ग १ राहील. तो येऊन नोंदवला गेला की दोघांचा वर्ग ४ होईल, तेव्हा इतर पर्याय पाहा.


घड्याळजी

आणि एक जाड फाईल. तिकडे तिला ऑर्डनर म्हणतात, प्रत्येक घरात असते. प्रत्येक पत्र, आलेलं आणि पाठवलेलं, तारखेप्रमाणे. मी सात वर्षांनी कायमच्या परवान्याला अर्ज केला तेव्हा पहिल्या वर्षीचा एक कागद मागितला. माझ्याकडे होता.


अबोली

मंडळी, दीड महिन्याने येतेय, त्याबद्दल माफ करा. तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद छापून घेऊन आले होते, ते फाईलच्या पहिल्या कप्प्यात आहेत.

काय झालं ते सांगते. पारवांनी सांगितल्याप्रमाणे एचआरकडून लेखी विचारलं. एजन्सीने दोन दिवसांत दाखला पाठवला. मला दिलेलं "आम्ही देत नाही" हे उत्तर तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या गैरसमजातून आलं होतं. नोंदणी नवव्या दिवशी झाली. माझ्या जर्मन सहकारी आपणहून बरोबर आल्या, पण बोलले मीच. तो लांब शब्द मीही पाठ केला होता, काटेसावर, आणि समोरच्या बाईंनी मान डोलावली.

जन्माच्या आडनावाचा रकाना मी रिकामाच सोडणार होते. साधीसुधी ताईंचं वाचलं नसतं तर सोडलाच असता.

पेटीवर नाव पोचल्याच्या रात्रीच लावलं, बॅगा दारात ठेवून. कराचं पत्र सतराव्या दिवशी आलं. पगार विभागाला तीन महिन्यांच्या मुभेविषयी विचारलं होतं, त्यांना ते माहीत होतं, पहिला पगार योग्य वर्गाने झाला. ब्लू कार्डाची अपॉइंटमेंट अजून मिळालेली नाही. तात्पुरतं घर आणि नवीन घर एकाच शहरात, म्हणून भटक्यांनी सांगितलेला धोका टळला. व्हिसाची तारीख भिंतीवर आहे.

नवीन घर मिळालं! पंधरा तारखेला किल्ली. दाखला करारासोबतच सही करून दिलाय.

परवा निवृत्तीवेतन विम्याचं पत्र आलं. त्यात बारा खुणांचा क्रमांक असतो, मध्ये माझी जन्मतारीख आणि तिच्यापुढे एक अक्षर. ते अक्षर कुठून आलं ते कळेना, सासरच्या आडनावात ते नाहीच. सहकारी म्हणाल्या, ते जन्माच्या आडनावाचं पहिलं अक्षर असतं, कायमचं. लग्नानंतर अकरा वर्षांत माहेरचं आडनाव कुठल्याच नव्या कागदावर आलं नव्हतं. बराच वेळ ते पत्र हातात घेऊन बसले होते. मग आईला फोन केला.


साधीसुधी

अबोलीताई, आता मुलीची तयारी. ती नोंदवली गेली की तिलाही स्वतःचा कराचा नंबर येईल, तिच्या नावाच्या पाकिटात. तो जपा, बालभत्त्याच्या अर्जाला लागतो. २०२५ साली तो महिना २५५ युरो होता आणि मागचा फक्त सहा महिन्यांचाच मिळतो, म्हणून अर्ज लांबवू नका. सहा वर्षांची आहे म्हणजे शाळाही सक्तीची. बहुतेक राज्यांत प्राथमिक शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, नवीन पत्ता देऊन आताच विचारून ठेवा.


चकवा

अबोलीताई, नवीन घराच्या पेटीवर तिघांचीही नावं आताच लावणार का?


अबोली

फक्त आडनाव लिहिणार आहे, ते तिघांना पुरतं. पट्टी तयार आहे, किल्ली मिळाली की लावायची. शाळेला उद्या मेल करते.